गटचर्चा : वर्गातील अबोल विद्यार्थ्याला वाचा देणारी अध्यापनपद्धती

शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि विद्यार्थ्यांनी हात वर करावेत, हे आपल्या शाळांतील नित्याचे दृश्य होय. वर होणारे हात बहुधा त्याच चार-पाच मुलांचे असतात. उत्तर बरोबर आले की पाठ समजला असे गृहीत धरले जाते आणि अध्यापन पुढे सरकते. ज्यांचा हात कधीच वर होत नाही, ती मुले वर्षभर वर्गात बसतात, हजेरीपटावर त्यांची उपस्थिती नोंदली जाते. परंतु त्यांना काय समजले, हे कोणालाच कळत नाही. गटचर्चा व गटकार्य या पद्धतींचा विचार प्रामुख्याने या अबोल मुलांच्या दृष्टीने व्हावयास हवा.

कायद्याचा आधार

ही पद्धती म्हणजे हौशी शिक्षकाचा वैयक्तिक उपक्रम नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि बालककेंद्रित पद्धतीने शिक्षण द्यावे, तसेच बालकाला भयमुक्त वातावरणात आपले विचार मांडता यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ यानेही मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञानाची रचना करते, हा विचार मध्यवर्ती मानला.

याला व्यवहाराचीही जोड आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक, असे याच अधिनियमाचे प्रमाण आहे. म्हणजेच वाडीवस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाला एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेला शिकवीत असताना दुसरीने स्वतःहून अर्थपूर्ण काम करणे, ही तेथे चैन नसून गरज आहे.

मद्रासचा जुना प्रयोग

मुलांनी मुलांना शिकविणे ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १७८९ ते १७९६ या काळात मद्रास येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे अधीक्षक असलेले अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिले. हीच रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि शिकलेल्या मुलाकडे इतर मुलांचे शिक्षण सोपविले. १७९७ साली त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि इंग्लंडमध्ये ही पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

थोड्या खर्चात पुष्कळ मुलांना अक्षरओळख करून देण्यास ही पद्धत उपयोगी पडली. तथापि तिच्यात जाणत्या मुलाने सांगावयाचे आणि इतरांनी गिरवावयाचे, अशीच विभागणी होती. शिक्षकाच्या जागी विद्यार्थी आला, परंतु ऐकणारा ऐकणाराच राहिला. आजही अनेक वर्गांत गट पाडले जातात, प्रत्येक गटाला हुशार मुलगा गटप्रमुख म्हणून नेमला जातो आणि तोच सारे काम उरकतो. अशा कामाला गटकार्य म्हणणे योग्य होणार नाही.

प्रत्येकाजवळ एक तुकडा

या उणिवेवरील उपाय अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरी १९७१ साली सापडला. वर्णभेदावर आधारित शाळांची विभागणी तेथे संपुष्टात आली होती. गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली आणि शाळांत तणाव वाढला. सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक एलियट अ‍ॅरन्सन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गांचे निरीक्षण केले. शिक्षकाची शाबासकी मिळविण्याच्या स्पर्धेमुळे मुलांमधील दुरावा वाढत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले.

त्यांनी मुलांचे पाच-सहा जणांचे मिश्र गट केले आणि पाठाचे तितकेच भाग करून प्रत्येक मुलाला एकच भाग दिला. संपूर्ण पाठ समजावयाचा तर गटातील प्रत्येकाचे बोलणे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. चित्राचे तुकडे जोडण्याच्या खेळावरून या पद्धतीला ‘जिगसॉ’ असे नाव मिळाले. ज्याच्याकडे दुर्लक्ष होत होते, त्याच्या बोलण्याला यामुळे प्रथमच किंमत आली. मुलांमधील पूर्वग्रह कमी झाले, त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि मागे पडलेल्या मुलांच्या अभ्यासातही सुधारणा दिसून आली.

आपल्या वर्गातील पाठ

परिसर अभ्यासातील ‘गावाचे पाणी’ हा विषय घेऊ. वर्गात पंचवीस मुले असल्यास पाच-पाच मुलांचे पाच मूळ गट करावेत. विषयाचे पाच भाग पाडावेत : पाऊस, विहिरी व कूपनलिका, नळपाणी योजना, शेतीचे पाणी आणि सांडपाणी. प्रत्येक गटातील एकेका मुलाकडे एकेक भाग द्यावा.

पहिल्या तासिकेत समान भाग मिळालेली मुले एकत्र बसून ‘अभ्यासगट’ तयार करतील. विहिरींचा भाग मिळालेली पाचही मुले पाठ्यपुस्तक वाचतील, घरून विचारून आणलेली माहिती पडताळतील आणि काय सांगावयाचे ते ठरवतील. वाचनात कच्च्या असलेल्या मुलाला येथेच आधार मिळतो. दुसऱ्या तासिकेत प्रत्येक जण मूळ गटात परतून आपला भाग समजावून सांगेल. अखेरीस गटाने नव्हे, तर प्रत्येक मुलाने स्वतंत्रपणे पाचही भागांवरील प्रश्नांची उत्तरे लिहावीत. त्यामुळे कोणाचे काय राहिले, हे शिक्षकाला समजते.

घ्यावयाची दक्षता

गट शिक्षकाने ठरवावेत. निवड मुलांवर सोपविल्यास वस्ती, जात आणि मैत्री यांनुसार गट पडतात व गावातील भेद वर्गात उतरतात. मुलींकडे केवळ सुवाच्य लेखन आणि मुलांकडे सादरीकरण, अशी वाटणी होऊ देऊ नये. कामे आळीपाळीने बदलावीत. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या मुलांना चर्चा प्रथम आपल्या बोलीत करू द्यावी आणि सादरीकरण मराठीत घ्यावे. विचार बोलीत स्पष्ट झाला की प्रमाणभाषेतील शब्द शिकणे सुलभ होते.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. अक्षरओळख किंवा हातच्याची वजाबाकी यांसारखी नवी कौशल्ये प्रथम शिक्षकानेच नीट शिकविली पाहिजेत. काहीच माहिती नसलेल्या मुलांची चर्चा म्हणजे केवळ वेळेचा अपव्यय ठरेल. गटकाम चालू असताना शिक्षकाने खुर्चीवर न बसता गटागटांतून फिरावे, चुकीची समजूत आढळल्यास तेथेच प्रश्न विचारावा आणि शेवटची दहा मिनिटे संपूर्ण वर्गासाठी राखावीत.

अधिकारी व पंचायत सदस्यांचे साहाय्य

शाळाभेटीच्या वेळी शांत वर्ग म्हणजे शिस्तीचा वर्ग, हा समज अधिकाऱ्यांनी बाजूस ठेवावा. गटकार्यात गलबला होणारच. तो कामाचा आहे की नाही, हे पाहावे. मागच्या रांगेतील दोन मुलांना जवळ बोलावून आज काय केले, एवढेच विचारले तरी अध्यापनाचा दर्जा समजू शकेल. केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदेत भाषणाऐवजी एक पाठ प्रत्यक्ष गटपद्धतीने घेऊन दाखविणे अधिक उपयुक्त ठरेल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुले नुसती गप्पा मारतात, अशी तक्रार आल्यास समितीने पालकांना वर्गात बोलावून पाठ दाखवावा. ग्रामपंचायतीने विहिरी, नळजोडण्या व पाणीपट्टी यांची माहिती मुलांना उपलब्ध करून द्यावी आणि सरपंचांनी एखादा तास मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. जागा कायद्याने मिळते. परंतु सभेत उभे राहून आपले म्हणणे मांडणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि मतभेद असूनही एकत्र निर्णय करणे, यांची सवय लहानपणीच लागावी लागते. दहा वर्षांची मुलगी आज आपल्या गटाला विहिरीच्या पाण्याविषयी समजावून सांगू लागली, तर उद्या ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न निघेल तेव्हा ती गप्प बसणार नाही. या दृष्टीने शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी या पद्धतीकडे पाहावे आणि आपल्या शाळेत आठवड्यातून निदान एका पाठापासून तिचा प्रारंभ करावा.