मिशा पाहा, मग पंप उचला

पुष्य नक्षत्राच्या सरी सुरू झाल्या की बांधावरून चालताना पावलागणिक गवतातून काहीतरी टणकन उडतं. बोटाच्या पेराएवढं, गवताच्याच रंगाचं, पंख अजून न फुटलेलं. ही नाकतोड्यांची यंदाची पिल्लं. मृगाच्या पहिल्या दमदार पावसानं बांध भिजला तेव्हा ती मातीतल्या अंड्यांतून बाहेर आली. तेव्हापासून ती कात टाकत मोठी होत आहेत. याच दिवसांत कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "नाकतोडे पडलेत, काहीतरी द्या." दुकानदार बाटली देतो आणि दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर चढतो.

या 'नाकतोडे' शब्दाबद्दलच मला बोलायचं आहे. या एका शब्दात आपण निदान सात-आठ वेगवेगळे किडे कोंबले आहेत. त्यातला एक भाताचं पान खातो, दुसरा ज्वारीचं पीक कुरतडून साफ करतो. तिसरा फक्त रुईवर राहतो आणि आपल्या पिकाकडे सहसा फिरकत नाही. आणि एक असा आहे की तो रात्रभर जागून आपल्या भाताची राखण करतो. फवारणीचं औषध या चौघांत फरक करत नाही. तो आपणच करायला हवा, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही.

किड्याच्या मिशा पाहा. त्या अंगापेक्षा आखूड आणि जाडसर असतील, तर तो गवत-पाला खाणारा नाकतोडा किंवा टोळ. मिशा केसासारख्या बारीक आणि अंगापेक्षा लांब, मागे पार पंखांच्या टोकापलीकडे जात असतील, तर तो दुसऱ्या घराण्यातला, म्हणजे लांब मिशांचा हिरवा नाकतोडा किंवा रातकिडा. शेपटीकडचा भागही साक्ष देतो. आखूड मिशांच्या मादीला मागे बोथट, आखूड खुंट असतात, त्यांनी ती माती कोरते. लांब मिशांच्या हिरव्या मादीला चपटी तलवार असते, तर बहुतेक रातकिड्यांच्या मादीला दाभणासारखी सुई. तलवार किंवा सुई पाहून अनेकांना तो डंख वाटतो, पण तो अंडी घालायचा अवयव आहे, त्यानं कुणाला इजा होत नाही.

कानांचीही गंमत सांगण्यासारखी आहे. आखूड मिशांच्या नाकतोड्याचे कान पोटाच्या पहिल्या वळ्यावर, पंखांखाली असतात. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. मुलांना दाखवा, ती आयुष्यभर विसरणार नाहीत.

आता भाताच्या खाचरात चला, कारण चुकीच्या ओळखीचं सगळ्यात मोठं नुकसान तिथंच होतं. चुडांमध्ये हात घातला की इंचभर लांबीचा, हिरवा, किंचित निमुळत्या डोक्याचा एक किडा उडून पलीकडच्या चुडावर बसतो. त्याच्या मिशा अंगाच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात. शास्त्रज्ञ त्याला कॉनोसेफॅलस म्हणतात. तो थोडाफार पाला खातो, कधी फुलोऱ्यातले परागकोष कुरतडतो, हे खरं. पण त्याची आवडती शिकार म्हणजे खोडकिड्याची अंडी. खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर आपल्या अंगावरची पिवळट-तपकिरी लव पांघरते. त्या लवेमुळे इतर अनेक भक्षकांना अंड्यांपर्यंत पोहोचता येत नाही. या किड्याचे जबडे मात्र मजबूत असतात, तो लवेसकट पुंजका चावून खातो. एका पुंजक्यातून निघणाऱ्या अळ्या आजूबाजूच्या किती चुडांचे पोंगे सुकवतात आणि पुढे किती लोंब्यांची पळींज होते, हे भात करणाऱ्याला सांगायला नको. तलवारीसारख्या शेपटीचे इवलेसे रातकिडेही भातात असतात, तेसुद्धा पानं गुंडाळणाऱ्या अळीची अंडी खातात.

मी स्वतः ही चूक केली आहे. बरीच वर्षं झाली. खाचरात हिरवे किडे उडताना दिसले आणि मी सरसकट फवारणी केली. किडे गेले, मनाला बरं वाटलं. त्या वर्षी लोंब्या बाहेर पडल्या तेव्हा पांढऱ्या, पोकळ लोंब्यांची संख्या पाहून मी बांधावर बसून राहिलो होतो. सगळा दोष त्या एका फवारणीचा होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्यांना मी मारलं त्यांच्या मिशा मी पाहिल्याच नव्हत्या, हे मात्र तेव्हापासून मला सलतं.

भाताचा खरा शत्रू वेगळा दिसतो. मोठ्या भात-नाकतोड्याच्या मिशा आखूड असतात, रंग हिरवट-पिवळा, आणि मानेमागच्या खोगिरासारख्या भागावर तीन काळ्या आडव्या रेषा. मागच्या पायांच्या नळ्या निळसर. या तीन रेषा एकदा ओळखीच्या झाल्या की पुन्हा चूक होत नाही. तो पान कडेकडून खात आत जातो, कधी फक्त मधली शीर उरते. लोंबी आल्यावर तिचा देठच कुरतडतो, ते नुकसान भरून येत नाही. याचा धाकटा भाऊबंद अंगानं लहान, हिरवागार, डोळ्यापासून मागे जाणारा तपकिरी पट्टा असलेला. तो पाण्याच्या खाचरांतच रमतो आणि अंडीही मातीऐवजी बहुधा भाताच्या खोडांमध्ये घालतो. मोठा नाकतोडा मात्र बांधाच्या मातीत अंडी घालतो आणि वर्षात त्याची एकच पिढी होते. याचा उपयोग पुढे आहे.

घाटावर, ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात, गोष्ट थोडी फसवी होते. तिथल्या खरीप नाकतोड्याचे काही प्रौढ आखूड पंखांचे असतात. आणि दख्खनचा बिनपंखी नाकतोडा तर पूर्ण वाढला तरी त्याला उडायचे पंख येतच नाहीत. म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा सविस्तर अभ्यास केला. कोलेमानिया हे त्याचं शास्त्रीय नाव त्यांच्यावरूनच पडलं. आपल्याकडचा शेतकरी बिनपंखी किडा पाहून म्हणतो, "अजून पिल्लंच आहेत, थांबू." तोवर मादी अंडी घालायला लागलेली असते. आखूड पंखांचा किडा सापडला तर पंखांची घडी पाहा. पिल्लाच्या पंखांच्या कळ्या उलट्या घडीत असतात, मागची कळी पुढचीवर येते. प्रौढात पुढचा पंख मागच्याला झाकतो.

बाकीच्यांना थोडक्यात भेटू. मातीच्या रंगाचा, चपटा, खरबरीत अंगाचा आणि ढेकळात मिसळून जाणारा भुईनाकतोडा कापूस, सोयाबीन किंवा भाजीपाला नुकताच उगवलेला असताना त्रास देतो. रोपं चार पानांची झाली की त्याची फारशी चिंता नको. टोकदार डोक्याचा, हिरवा, लहानखुरा नाकतोडा तंबाखू आणि पालेभाज्यांवर दिसतो, पानांना भोकं पाडतो. लांबुळका, गवताच्या काडीसारखा आणि चपट्या मिशांचा असतो तो गवतातला, पिकाला त्याच्याकडून क्वचितच धोका. रुईवरचा निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा देखणा नाकतोडा रुईचा चीक पचवून स्वतः विषारी झालेला असतो, म्हणून तर तो असा भडक रंग मिरवत निवांत बसतो. त्याला राहू द्या. लहान मुलांना मात्र हातात घेऊ देऊ नका, दाबला तर तो चिळकांडी उडवतो. आणि पुढचे दोन पाय जोडून बसणारा, ज्याला काही भागांत खंडोबाचा किडा म्हणतात, तो नाकतोडा नाहीच, तो इतर किडे खाऊन जगतो.

रातकिड्यांची तक्रार वेगळी असते. ते दिसत नाहीत, सकाळी रोपं आडवी दिसतात. रोप जमिनीलगत कापलेलं आणि जवळच बिळाच्या तोंडाशी मातीचा ताजा ढिगारा असेल, तर तो मोठा तपकिरी बिळातला रातकिडा. मातीचा पृष्ठभाग बोटभर रुंदीनं नागमोडी फुगलेला असेल आणि रोप मुळाशी तुटलेलं असेल, तर तो फावड्यासारख्या पुढच्या पायांचा, जमीन उकरणारा रातकिडा. भाताच्या रोपवाटिकेत पाणी भरलं की हा आपोआप वर येतो, तिथे औषधाची गरज नाही. काळाभोर, पंखांच्या बुडाशी दोन पिवळे ठिपके असलेला रातकिडा दिव्याखाली ढिगानं येतो, पण तेवढ्यानं पिकाला धोका झाला असं समजू नये. झुडपांवरचे फिकट हिरवे, नाजूक रातकिडे तर निरुपद्रवीच. त्यांतल्या एका जातीचा नर पानाला भोक पाडतो आणि त्यात बसून गातो, त्यामुळे त्याचा आवाज कितीतरी दूर जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे तपशिलानं मोजून दाखवलं आहे.

आता टोळांबद्दल, कारण 2020 च्या मे महिन्यानंतर विदर्भात या शब्दानं झोप उडते. त्या वेळी वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूर आणि पुढे भंडारा जिल्ह्यांत उतरले. संत्र्याच्या बागा आणि भाजीपाल्यावर बसले. रात्री आणि पहाटे ते बसलेले असताना अग्निशमन दलाचे बंब आणि ट्रॅक्टरवरचे पंप लावून फवारण्या झाल्या. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 ते 8 कोटी टोळ असू शकतात आणि असा लहान थवाही दिवसाला सुमारे 35,000 माणसांइतकं अन्न फस्त करतो, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा हिशेब आहे. भीती खरी आहे. पण त्याच महिन्यात कोलार आणि कृष्णगिरीकडे रुईच्या झाडांवर गोळा झालेले रंगीत नाकतोडे पाहून टोळधाड आली अशी आवई उठली होती, हेही लक्षात ठेवा. थव्यातला कोवळा टोळ गुलाबी असतो, प्रजननक्षम झाला की पिवळा. तो दिवसा एकाच दिशेनं ढगासारखा उडतो आणि संध्याकाळी झाडांवर उतरतो. शेतात इकडेतिकडे उडणारे दहा-वीस मोठे तपकिरी नाकतोडे म्हणजे टोळधाड नव्हे.

आपल्या पश्चिम भारताचा स्वतःचा एक टोळही आहे, मुंबई टोळ. 1901 ते 1908 या काळात त्यानं इथं मोठं नुकसान केलं. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी 1906 मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. मोठा, तपकिरी, आणि पाठीच्या मधोमध फिकट रेषा असलेला हा टोळ आजही एकेकटा दिसतो. एकटा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. खरोखर थवा दिसला, तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा आणि जमल्यास उडतानाचा व्हिडिओ पाठवा.

मग सध्या करायचं काय? पहाटे दव असताना बांधावर जा. तेव्हा किडे गारठलेले असतात, फार उडत नाहीत. एखादा पकडताना पाठीवरून धरा, मागचा पाय धरलात तर तो पाय सोडून पळतो. मोबाईलवर दोन फोटो घ्या, एक बाजूनं आणि एक वरून, मिशा पूर्ण दिसतील असे. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. हे फोटो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवले तर 'नाकतोडे पडलेत' यापेक्षा कितीतरी नेमका सल्ला मिळतो. घरातल्या निंदणीला जाणाऱ्या बायकांना आधी विचारा. कुठल्या बांधावर किती किडे, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आखूड मिशांची पिल्लं खूप असतील, तर ती अजून बांधावर आणि पिकाच्या कडेच्या चार-पाच ओळींतच आहेत. तिथलं गवत कापा, कोंबड्या असतील तर सोडा, आणि कडेपुरता 5 टक्के निंबोळी अर्क मारा. 5 किलो निंबोळ्या भरडून पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबण मिसळा आणि 100 लिटर द्रावण करा. यानं किडा तिथल्या तिथं मरत नाही, पण खाणं टाळतो, आणि लहान पिल्लांची वाढ खुंटते. रासायनिक औषधाची वेळ आलीच तर त्या पिकासाठी शिफारस आहे की नाही हे लेबलवर पाहा, आणि फवारलेल्या बांधाचं गवत जनावरांना मुळीच घालू नका. पंखवाले प्रौढ झाल्यावर फवारणीचा खर्च बराचसा वाया जातो, ते शेजारच्या शेतात जाऊन परत येतात.

गवताच्या शेंड्याला मिठी मारून मेलेले नाकतोडे दिसले तर ते तोडून टाकू नका. एका बुरशीनं मेलेले असतात ते, आणि तीच बुरशी ओल्या हवेत बाकीच्यांना लागते. साळुंक्या, बगळे, वेडे राघू बांधावर उतरत असतील तर त्यांना हाकलू नका. अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात विणीला येणारा तणमोर तर मुख्यतः नाकतोड्यांवर पोसतो. तो आता इतका दुर्मीळ झाला आहे की त्याच्या वाट्याचे किडे त्याला मिळायलाच हवेत.

भाद्रपद-अश्विनात बांधावर पोट मातीत खुपसून बसलेल्या नाकतोड्यांच्या माद्या दिसतील. त्या जागी एकेक काडी रोवून ठेवा. कापणी झाल्यावर काडीभोवतीची माती तीन-चार इंच खरवडून उलटी करा. तांदळाच्या दाण्यांसारखी, फेसानं चिकटलेली अंडी उघडी पडतील. बाकीचं काम ऊन आणि साळुंक्या करतात.