बुरशीच्या जनुकांचा अभ्यास: नाइलाज म्हणून नको

कसबा बावड्यात मेडिकल कॉलेज दाराशीच असल्याने बायोलॉजी घेतलेल्या मुलाने डॉक्टरच व्हावे, असे घरातल्यांना वाटते. नीटचे गुण कमी पडले की मायक्रोबायोलॉजीचा अर्ज भरला जातो, तोही पडेल चेहऱ्याने. माणसाला आजारी पाडणाऱ्या बुरशींचे जनुकशास्त्र हा विषय मात्र पहिली पसंती म्हणून निवडावा इतक्या मोलाचा आहे. साधा नायटाच पाहा. टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत जाणारा हा आजार गेल्या दशकात देशभर चिवट झाला. त्यामागच्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे वेगळे नाव मिळाले. बुरशीच्या पेशीपटलाला एर्गोस्टेरॉल लागते आणि ते तयार करणाऱ्या स्क्वालिन इपॉक्सिडेज या विकराला टर्बिनाफिन रोखते. त्या विकराच्या जनुकात एक अक्षर बदलले, 397व्या जागी फिनाइलअ‍ॅलानिनऐवजी ल्युसिन आले, की औषधाची पकड सुटते. असा बदल वेळीच ओळखणारी माणसे हवीत. नाहीतर रुग्ण मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणतो, खाज थांबते आणि नायटा पसरत राहतो.

असल्या संशोधनाचा प्रत्यक्ष उपयोग काय, ही शंका रास्त आहे. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात डोळे आणि जबडे गमावलेल्या रुग्णांत मधुमेही इतके का होते, याचे बरेचसे उत्तर आधीच हाती होते. ऱ्हायझोपस बुरशी तिच्यावरच्या कॉटएच प्रथिनांनी आपल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींवरील जीआरपी-78 या प्रथिनाला चिकटून आत शिरते, आणि रक्तातली साखर व लोह वाढले की ही चिकटण्याची जागाही वाढते. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने हे 2010 ते 2014 या काळात दाखवले होते. साथ आल्यावर असे संशोधन सुरू करून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्ये 19 घातक बुरशींची प्राधान्ययादी काढली, तेव्हा या क्षेत्राकडे झालेले दुर्लक्ष स्पष्ट नोंदवले.

पालकांची खरी चिंता पोटापाण्याची, आणि ती खोटी नाही. बीएस्सी-एमएस्सीची पाच वर्षे, पीएचडीची साधारण तेवढीच. नेट-जेआरएफ ही पाठ्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000. पण कायम प्राध्यापकी दुर्मीळ आहे, हे आधीच मान्य करून पाऊल टाकावे. म्हणून सोबत संख्याशास्त्र आणि जनुकक्रमाचे संगणकीय विश्लेषण शिकावे. रोगनिदान प्रयोगशाळा आणि औषधकंपन्यांतही ते चालते. यंत्रेच सगळे करतील, असेही म्हटले जाते. यंत्र अक्षरे वाचून देते. अमुक बदलामुळेच औषध निकामी झाले का, हे तो बदल बुरशीत मुद्दाम घडवून माणसालाच सिद्ध करावे लागते. एमएस्सीची सोय शिवाजी विद्यापीठात आहे. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, आणि पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. शेवटच्या वर्षी मुलाला स्वतःच्या हाताने प्रकल्प करायला मिळतो का, एवढे मात्र विभागात जाऊन विचारा.