ती आग मिरीची नव्हती

माझ्या उजव्या खांद्यावर तळहाताएवढा काळपट डाग आहे. आठ महिने झाले, थोडा फिकटलाय, पण गेलेला नाही. घरचे म्हणतात, आता विषय सोड. मी सोडणार नाही. मला मिरीचं तेल देणाऱ्या बाईंनी शेवटपर्यंत एकच धोशा लावला की दोष तेलाचा नाही, माझ्या कातडीचा आहे. आणि आमच्या सोसायटीतल्या निदान चार जणींना ते पटलंय.

खांदा आखडला होता, फिजिओथेरपी चालू होती, तरी रात्री कूस बदलली की कळ जायची. तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून या अरोमाथेरपी करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, स्वभाव विचारला, झोपेचं विचारलं. त्वचेला कशाची ॲलर्जी आहे का, हे मात्र विचारलं नाही. शेवटी खिडकीतल्या काचेच्या शोकेसमधून काळ्या मिरीच्या तेलाची दहा मिलिलिटरची बाटली काढून हातात ठेवली. साडेआठशे रुपये. "चार-पाच थेंब थेट चोळायचे काकू, आणि वरून गरम पाण्याची पिशवी. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट काही नाही."

घरी येऊन बाटली उघडली आणि पहिल्याच वासाला मी थबकले. मी गुहागरची. माहेरच्या आगरात पोफळींवर मिरवेली चढलेल्या. घोसातला एखादा दाणा लाल झाला की घोस उतरवायचे, दाणे सुटे करायचे, मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढायचे आणि खळ्यात वाळत टाकायचे. हिरवे दाणे बघता बघता काळे पडतात आणि सगळ्या खळ्यावर एक वास पसरतो. कोरडा, लाकडासारखा, मागून लवंगेची आठवण देणारा. तो वास मी झोपेतही ओळखेन. बाटलीतून येत होता तो घराला रंग देताना येतो तसला, टर्पेंटाइनचा. मी फोन करून तसं सांगितलंही. "हे कॉन्सन्ट्रेटेड असतं, तुम्हाला सवय नाही," असं उत्तर आलं. माझ्या नाकावर माझा विश्वास होता, पण त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्रं होती.

पहिले दोन दिवस जरा चुणचुणलं. तिसऱ्या रात्री पिशवी ठेवल्यावर असा भडका उडाला की मी उठून नळाखाली खांदा धरला. पाण्याने आग कमी तर झाली नाहीच, उलट पाठीपर्यंत पसरली. सकाळी खांदा लाल, जागोजागी बारीक पुरळ. मी फोटो पाठवला. त्यावर आलेला निरोप माझ्याकडे अजून आहे: "घाबरू नका, मिरी तिखट आहे, झोंबणारच. आतले टॉक्सिन्स बाहेर पडतायत. थांबवू नका." आणि मी थांबवलं नाही. आणखी दोन दिवस तेच तेल, तीच पिशवी. पाचव्या दिवशी पाण्याचे फोड आले, तेव्हा मुलाने मला जवळजवळ ओढतच त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तेल विचारलं, कसं लावलं ते विचारलं, आणि क्षणभर पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. निदान कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. स्टेरॉइडचं मलम, आठवडाभर गोळ्या आणि डाग जायला वेळ लागेल ही ताकीद.

तरीही तोवर मी मनातून मिरीलाच दोष देत होते. मिरी तिखट, म्हणजे तिचं तेल तिखट, हे मला कोकणात जन्मूनही पटलेलंच होतं. माझे डोळे उघडले ते बहिणीच्या मुलीमुळे. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. भेटायला आली, बाटली उघडून हुंगली आणि म्हणाली, "मावशी, मिरीचा तिखटपणा तेलात येतच नाही."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मिरी तिखट लागते ती पिपेरीनमुळे. वाळलेले दाणे भरडून त्यातून वाफ सोडतात, वाफेबरोबर हलके, उडणारे घटक निघतात आणि वाफ थंड केली की तेल पाण्यावर तरंगतं. शंभर किलो मिरीतून एक ते तीन किलोच्या आसपास. पिपेरीन उडणारं नाही, ते मागे चोथ्यात राहतं. म्हणून या तेलाला मिरीचा वास असतो, मिरीची तिखट चव नसते. (मसाल्याच्या कारखान्यांत वापरतात ते ओलिओरेझिन वेगळं. ते द्रावकाने काढतात आणि त्यात पिपेरीन असतं.) तेलात असतं संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, चीडच्या झाडातलं पायनीन, सॅबिनीन, कॅरीन, आणि लवंगेतही सापडणारं कॅरियोफायलीन. खळ्यातल्या त्या लवंगेच्या आठवणीचा उलगडा मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी झाला.

आता खरी गोम. यातले लिमोनीन, कॅरीन यांसारखे घटक हवा, ऊन आणि उष्णता लागली की ऑक्सिजनशी संयोग पावून बदलतात, आणि जे बनतं ते त्वचेला ॲलर्जी आणणारं असतं. रंगकाम करणाऱ्यांच्या हातांना टर्पेंटाइनमुळे जी ॲलर्जी होते तीही याच जातीची. माझी बाटली पांढऱ्या काचेची होती, खिडकीतल्या शोकेसमध्ये उन्हात किती दिवस होती कोण जाणे, आणि लेबलावर ना तारीख, ना बॅच नंबर. म्हणजे झोंबत होतं ते मिरीचं औषध नव्हतं, बिघडलेलं तेल होतं, तेही पातळ न करता आणि वरून शेक देऊन आत मुरवलेलं. "झोंबणारच" हे त्यांचं वाक्यच खोटं होतं, आणि मी आणखी दोन दिवस अंग भाजून घेतलं ते त्या वाक्यावर भरवसा ठेवून.

मी बाटली, डॉक्टरांचा कागद आणि मोबाइलमधला निरोप घेऊन त्यांच्याकडे गेले. आवाज चढवला नाही. त्यांनी कागद वाचलाही नाही. "इतक्या जणींना दिलंय, तुमच्या एकट्यांनाच कसं झालं? तुमची स्किनच सेन्सिटिव्ह." मी विचारलं, तेल कधीचं आहे? "एसेन्शियल ऑइल कधी खराब होत नाही." मी विचारलं, पिपेरीन तेलात असतं का? त्यावर त्या हसल्या, आणि आग शमायला लॅव्हेंडरचं तेल दहा टक्के सवलतीत देऊ केलं. पैसे परत नाहीत, साधं "सॉरी" नाही. त्या दिवसापासून माझे निरोप पाहिले जातात, उत्तर येत नाही.

या तेलाशी माझं भांडण नाही, हे मुद्दाम सांगते. चांगलं तेल जवळजवळ रंगहीन किंवा किंचित हिरवट, पाण्यासारखं पातळ असतं आणि नुकत्याच कुटलेल्या मिरीचा वास देतं. पातळ करून चोळलं तर दुखऱ्या स्नायूंना हलकी ऊब देतं. ऊब, आग नव्हे. आलं, संत्रं, गवती चहा यांच्या तेलांशी त्याचं छान जमतं. त्याच्या वासावर कामही झालंय. 1994 मध्ये अमेरिकेत 48 धूम्रपान करणाऱ्यांवर प्रयोग झाला, त्यात मिरीची वाफ ओढणाऱ्यांची सिगारेटची तलफ त्या काही तासांपुरती कमी झाली. जपानमध्ये 2006 साली, पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना हे तेल नुसतं हुंगायला दिलं तर गिळण्याची प्रतिक्रिया सुधारल्याचं दिसलं. पण पाहा, दोन्हीकडे तेल श्वासातून घेतलंय, कातडीवर ओतलेलं नाही. आणि काही तासांची तलफ कमी होणं म्हणजे सिगारेट सुटणं नव्हे. त्याच बाईंनी माझ्या दिरांना "महिन्यात सुटेल" असं सांगून दोन बाटल्या विकल्या. त्यांची सिगारेट चालू आहे.

ज्यांना वापरायचंय त्यांच्यासाठी. थेट कधीच लावू नका, कोणीही सांगितलं तरी. तीस मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, एवढ्याने सुरुवात करा. मोठ्या माणसाला बारा थेंबांच्या वर जायची गरज नाही. ते मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. वरून शेक देऊ नका. बादलीतल्या पाण्यात थेंब टाकू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, तरंगतं आणि तसंच अंगाला चिकटतं. आग झालीच तर नळाकडे धावू नका, माझी चूक तीच झाली. आधी कापसावर साधं खाद्यतेल घेऊन पुसून काढा, मग साबणाने धुवा, आणि तेल बंद. पोटात घ्यायचं नाही. लहान मुलं, गरोदर बायका, दम्याचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळही जाऊ नये.

घेताना बाटली गडद काचेची हवी. लेबलावर पायपर नायग्रम हे शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी. नुसतं "मिरी तेल" लिहिलं असेल तर ते मिरी घालून तापवलेलं साधं तेलही असू शकतं. टिपकागदावर एक थेंब टाका; शुद्ध बाष्पशील तेल उडून जातं, तुपकट डाग राहिला तर त्यात दुसरं तेल मिसळलंय. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, आणि वर्ष झालं की टाकून द्या, कितीही महाग असली तरी. बिल घ्या. मी घेतलं नव्हतं, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाताना हातात खरेदीचा पुरावाच नव्हता.

आणि उघडून हुंगा. तुमच्या मसाल्याच्या डब्यात मिरी आहे, दोन दाणे कुटून दोन्ही वास शेजारी घेऊन बघा. यासाठी कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

परवा रिक्षातून त्या दुकानावरून गेले. पश्चिमेची खिडकी, दुपारचे चार, आणि पांढऱ्या बाटल्यांची ती रांग उन्हात तशीच उभी होती. त्यातली एकही घरी नेऊ नका, एवढीच विनंती.