प्रोग्रामिंगचं पहिलं पुस्तक घेताय? आधी काम ठरवा



"सर, कोडिंग शिकायचंय. सुरुवातीला कुठलं पुस्तक घेऊ?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं, पण ते अर्धवटच होतं. आज नीट बसून बोलू.

आधी माझी चूक सांगतो. मी बीबीए केलंय, इंजिनिअर नाही. इलेक्ट्रिकलचं दुकान सांभाळतो. काही वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं, "प्रोग्रामिंगचा पाया म्हणजे सी." मी अप्पा बळवंत चौकात गेलो आणि कर्निगन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' घेऊन आलो. पुस्तक पातळ होतं, वाटलं महिन्याभरात संपेल. पहिल्या प्रकरणातच फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा तक्ता आला. तो कसाबसा जमला. पुढे पॉइंटर आले आणि पुस्तक गल्ल्याच्या खालच्या खणात गेलं. "हे आपलं काम नाही" असं मी ठरवून टाकलं.

खूप नंतर त्याची प्रस्तावना वाचली. हे प्रोग्रामिंगची ओळख करून देणारं पुस्तक नाही, वाचकाला मूलभूत गोष्टी आधीच थोड्याफार माहीत आहेत असं धरलंय, हे लेखकांनी तिथेच लिहिलं होतं! पुस्तक उत्तमच आहे, पण ते माझ्यासाठी नव्हतंच. प्रस्तावनेचं एक पान न वाचल्यामुळे माझी दोन वर्षं गेली.

पायरी १: कागदावर एक काम लिहा

पुस्तकाचं नाव शोधण्याआधी, दर महिन्याला वेळ खाणारं एक काम लिहून काढा. माझं काम होतं खरेदीची बिलं जुळवणं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत आहे. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी येतं. मासिक रिटर्न भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरायचं असतं. मधल्या दिवसांत आपलं खरेदी रजिस्टर आणि २बी एकेक ओळ करून जुळवायचं. एकदा एका सप्लायरने बिल दाखवलंच नव्हतं, घाईत मी त्याचं क्रेडिट घेतलं. नंतर ते उलटं करून व्याजासह भरावं लागलं. रक्कम फार मोठी नव्हती, पण त्या दिवशी कळलं की ही जुळवणी डोळ्यांवर सोडून चालणार नाही.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. तुमची महिन्याला तीस-चाळीसच बिलं असतील, तर एक्सेलमधलं व्हीलुकअप पुरेल. पुस्तक घेऊच नका! माझी अडचण वेगळी होती. सप्लायरच्या बिलावर नंबर '००४५', माझ्या एक्सेलमध्ये पुढची शून्यं उडून नुसता '४५'. कुठे मध्ये आडवी रेघ, कुठे तिरकी. बिल तेच, पण जुळत नाही. ही साफसफाई दर महिन्याला, अनेक फाइलींवर करायची असेल तेव्हा प्रोग्रामिंग कामाला येतं.

पायरी २: कामावरून भाषा ठरते

एक्सेल फाइली, पीडीएफ, फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदलणं, असली दुकानातली कामं असतील तर पायथन घ्या. वेबसाइटचं पान कसं दिसावं हे शिकायचं असेल तर एचटीएमएल, सीएसएस आणि मग जावास्क्रिप्ट. मुलाला कॉलेजात सी आहे म्हणून तुम्हीही सी घ्या, असं काही नाही.

पायरी ३: पाच मिनिटांची परीक्षा

पुस्तक हातात घ्या किंवा त्याची नमुना पानं उघडा आणि चार गोष्टी बघा.

१. प्रस्तावना. हे कुणासाठी लिहिलंय? 'अगदी नवशिक्यांसाठी' असं स्पष्ट म्हटलंय का?

२. आवृत्ती. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला बंद झाला. तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती पुस्तकं अजून मिळतात आणि स्वस्त मिळतात. ओळखायचं कसं? उदाहरणांत 'प्रिंट' या शब्दानंतर कंस नसेल तर ते पायथन २ आहे. परत ठेवून द्या. त्यातला पहिलाच प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर एरर देईल आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं.

३. सराव. प्रकरणाच्या शेवटी स्वतः करून बघायची उदाहरणं आहेत का? नुसतं वाचून पोहता येत नाही.

४. मधलं एक पान. पुस्तक इंग्रजीत असणार, घाबरू नका. पायथनचे स्वतःचे राखीव शब्द ३५ च्या आसपास आहेत, ते सरावाने बसतात. बघायचं ते लेखकाची समजवायची भाषा. एका पानावर दहा ठिकाणी अडलात तर दुसरं पुस्तक बघा.

मग नेमकं कुठलं?

मी दोन नावं सांगतो.

पहिलं, अल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन'. पहिल्या भागात पायथनची मूळ ओळख, दुसऱ्या भागात एक्सेल, पीडीएफ, फाइली अशी रोजची कामं. लेखकाने ते स्वतःच्या वेबसाइटवर मोफत वाचायला ठेवलंय. म्हणजे एक रुपया न घालवता परीक्षा घेता येते. मी यावरच शिकलो.

दुसरं, एरिक मॅथिस यांचं 'पायथन क्रॅश कोर्स'. तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे, तीच किंवा त्यानंतरची घ्या. सराव भरपूर. पण शेवटचे प्रकल्प म्हणजे एक गेम, आलेख आणि वेब अॅप. शिकायची आवड असेल तर हे उत्तम. फक्त दुकानाचं काम उरकायचं असेल तर पहिलं.

दोन्ही एकदम घेऊ नका. मी पाहिलंय, तीन पुस्तकं घेणारा तिन्हींचं पहिलं प्रकरणच वाचतो.

वाचायचं कसं?

शटर उघडायच्या आधी अर्धा तास. प्रत्येक उदाहरण हाताने टाइप करायचं, कॉपी-पेस्ट बंद. एरर आली तर शेवटची ओळ आधी वाचायची, बहुतेक वेळा चूक काय ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि पूर्ण पुस्तक संपायची वाट बघायची नाही. तुमच्या कामाला लागणारं प्रकरण आलं की आपल्या फाइलीची एक कॉपी घ्या आणि तिच्यावर प्रयोग करा. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, हे पक्कं!

मला साधारण तीन महिने लागले. आज माझा छोटा प्रोग्राम जीएसटी नंबर आणि साफ केलेला बिल नंबर घेऊन दोन्ही याद्या जुळवतो आणि न सापडलेली बिलं वेगळी काढतो. ती यादी घेऊन मी सप्लायरला फोन करतो. फोन अजून मलाच करावा लागतो, पण कुणाला करायचा हे १४ तारखेच्या संध्याकाळीच कळतं.

या आठवड्याचा गृहपाठ: पुस्तक विकत घेऊ नका. कागदावर फक्त एक वाक्य लिहा: "दर महिन्याला माझे इतके तास या कामात जातात." तो कागद गल्ल्याजवळ चिकटवा. पुस्तक निवडताना आधी अनुक्रमणिका उघडा आणि तुमचं काम त्यात सापडतंय का बघा. सापडलं की मगच पैसे काढा.

भेटूया पुढच्या भागात.