घर्षण कमी म्हणजे झीज कमी? इंजिन ऑईलच्या दाव्याचा हिशेब

स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ऑईलचा डबा घ्यायला गेले की डब्याबरोबर एक छोटी बाटली पुढे सरकवली जाते. "ही पण टाका, घर्षण कमी होते, इंजिन दुप्पट टिकते." साधी गाडी चालवणारा किंमत ऐकून हात मागे घेतो. पण ज्याची गाडी टर्बोची, महागडी, वेगाने पळवायच्या हौसेने घेतलेली, तो बाटली घेतो. एवढ्या पैशांच्या इंजिनाला हजार-पाचशेचे संरक्षण स्वस्तच वाटते. आपल्या वाचकांत असा माल विकणारे आहेत आणि घेणारेही आहेत. म्हणून या दाव्यात खरे किती आणि जाहिरात किती, हे आज पाहू.

पहिली गोष्ट अशी की हा दावा एक नाही, दोन आहेत. घर्षण कमी होते, हा एक. झीज कमी होते, हा दुसरा. विकणारा दोन्ही एका दमात सांगतो आणि ऐकणाराही एकच समजतो. कापडाच्या धंद्यात याचा रोजचा अनुभव आहे. सिलिकॉन सॉफ्टनर दिलेल्या कापडावरून गिऱ्हाईक हात फिरवतो आणि म्हणतो, माल भारी आहे. पण त्याच गुळगुळीतपणामुळे धाग्यावरून धागा सरकतो, आणि विणीला सैल असलेले कापड शिवणीवर ताण येताच फाकते. हाताला मऊ लागणे निराळे आणि टिकणे निराळे. इंजिनाचेही थोडेफार असेच आहे.

इंजिनात ऑईल दोन तऱ्हेने काम करते. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये शाफ्ट फिरू लागला की तो ऑईलच्या थरावर तरंगतो. तिथे लोखंडाला लोखंड लागतच नाही. जर्मन इंजिनियर रिचर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ साली बेअरिंगवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा हिशेब जगाला माहीत आहे. थर पुरेसा असेल तोवर जे घर्षण होते ते ऑईलच्या स्वतःच्या दाटपणाचे. घर्षण कमी करणारे द्रव्य धातूच्या पृष्ठभागाला चिकटून काम करते. जिथे धातू धातूला भेटतच नाही तिथे ते काय करणार? तिथे संरक्षण करतो तो थर, आणि तापल्यावर तो किती जाड राहतो यावर सर्व काही अवलंबून असते.

दुसरी जागा म्हणजे कॅम आणि टॅपेट, आणि पिस्टन क्षणभर थांबून मागे वळतो तिथे त्याच्या रिंगा. गाडी नुकतीच सुरू होते तेव्हाही हीच स्थिती असते. इथे थर तुटतो आणि धातू भेटतात. इथे मात्र द्रव्ये उपयोगी पडतात, पण तीही दोन जातींची आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत.

झीज रोखणारे जुने आणि भरवशाचे द्रव्य म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचे संयुग, झेडडीडीपी. १९४० च्या दशकापासून ते ऑईलमध्ये मिसळले जाते. दाब आणि उष्णता मिळाली की धातूवर त्याचा काचेसारखा एक पापुद्रा बनतो. जाडी म्हणाल तर मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग. धातूऐवजी तो पापुद्रा झिजतो आणि पुन्हा बनतो. आता गंमत पाहा. हा पापुद्रा झीज कमी करतो, पण पातळ थराच्या स्थितीत घर्षण किंचित वाढवतो. हे प्रयोगशाळांत मोजलेले आहे. म्हणजे इंजिनाचा सर्वात जुना रखवालदारच घर्षण थोडे वाढवून रखवाली करतो! एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी "घर्षण कमी म्हणून झीज कमी" हे वाक्य ऐकून कोणी लगेच खिशात हात घालणार नाही.

घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांत दोन प्रकार जास्त चालतात. एक, चरबीच्या आम्लापासून केलेली सेंद्रिय द्रव्ये. दुसरे, मॉलिब्डेनमचे संयुग, ज्याला बाजारात ‘मॉली’ म्हणतात. मॉलीपासून घासणाऱ्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाईडचे पातळ पदर तयार होतात आणि ते पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरतात. ही द्रव्ये ऑईलमध्ये येण्यामागे मुख्य कारण इंधनाचे आहे. अमेरिकेने १९७५ साली गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला, आणि कारखानदारांना थेंबाथेंबाची बचत शोधावी लागली. डब्यावर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेले असते, त्याचा रोख मुख्यतः या बचतीकडे आहे. वेगवान गाडीचे इंजिन जास्त टिकेल, असा त्याचा अर्थ नाही.

मग वेगवान गाडीला हवे काय? अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगचे उदाहरण बोलके आहे. २०१२ च्या मस्टँग जीटीला कंपनीने ५डब्ल्यू-२० हे पातळ ऑईल सांगितले. त्याच घराण्याचे पाच लिटरचे इंजिन ट्रॅकवर पळवण्यासाठी मजबूत करून बॉस ३०२ मध्ये बसवले, तेव्हा सांगितले ५डब्ल्यू-५०. बीएमडब्ल्यूनेही २००० च्या दशकातल्या एम३ साठी १०डब्ल्यू-६० सारखे दाट ऑईल ठरवले होते. कडक वापरासाठी कारखान्यांनी आधी दाटपणा बदलला, बाटली सुचवली नाही.

दाटपणाचे खरे माप १५० अंश सेल्सियसला आणि जोराच्या पिळवणुकीत घेतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. २० नंबरच्या ऑईलला ते किमान २.६ असावे लागते, तर युरोपच्या ए३/बी४ दर्जाला किमान ३.५. आकड्यांतला फरक लहान दिसतो, पण ट्रॅकवर ऑईल तापून पातळ झाले की बेअरिंगचा जीव याच फरकावर असतो.

फॉस्फरसचीही एक अडचण आहे. तो धुरातून बाहेर पडून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. म्हणून २००४ मध्ये आलेल्या एपीआय ‘एसएम’ दर्जाने पातळ ऑईलमधला फॉस्फरस ०.०६ ते ०.०८ टक्क्यांत बांधला. नव्या रोलरवाल्या इंजिनांना त्याने फरक पडला नाही. पण सपाट टॅपेटच्या जुन्या ताकदवान गाड्या बाळगणारे हौशी लोक तेव्हापासून डब्यावर जस्ताचे प्रमाण शोधतात, आणि त्यांचे बरोबर आहे. ते मॉली नव्हे, जस्त शोधतात, हे विशेष.

तरी मॉलीला नुसतेच नाकारणे न्यायाचे होणार नाही. झेडडीडीपीच्या जोडीला ती चांगले काम करते. शिवाय थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर भार पडला की ठिणगीआधीच इंधन पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. ऑईलमधले कॅल्शियम हा प्रकार वाढवते, मॉली आणि झेडडीडीपी कमी करतात, असे प्रयोगांत दिसले आहे. २०२० मध्ये आलेल्या एपीआय ‘एसपी’ दर्जात याची चाचणीच आहे. उलट बाजू अशी की हायड्रोजनयुक्त कार्बनचा हिऱ्यासारखा कडक लेप दिलेल्या भागांची झीज मॉलीने वाढल्याचेही नोंदले गेले आहे. तेव्हा प्रमाण आणि मेळ कोणी बसवला, हा सवाल आहे. कारखान्याने बसवलेला मेळ हजारो तास चालवून तपासलेला असतो. आपण वरून बाटली ओततो तेव्हा तो मेळ मोडतो, कारण ही सर्व द्रव्ये धातूच्या एकाच पृष्ठभागावर जागेसाठी भांडतात.

बाटल्यांच्या दाव्यांची तपासणी अमेरिकेत सरकारने केली आहे. १९९६ साली फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्लिक ५०’ वर कारवाई केली. सुरुवातीच्या क्षणी इंजिनाला पुरेसे संरक्षणच नसते, असा जाहिरातीचा सूर होता. कमिशनचे म्हणणे असे की पुस्तिकेत सांगितलेले ऑईल असेल तर बहुतेक इंजिनांना पुरेसे संरक्षण मिळते. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि पुराव्याशिवाय असे दावे करण्यास बंदी आली. २००१ मध्ये ‘झेडमॅक्स’वर खटला भरला. हा माल मोटार शर्यतींचे ट्रॅक चालवणाऱ्या कंपनीच्या घरचा, म्हणून गिऱ्हाइकावर वजन पडत होते. कमिशनचा आरोप होता की एका चाचणीत नुसत्या ऑईलपेक्षा झेडमॅक्स घातलेल्या ऑईलने बेअरिंगचा गंज दुपटीहून जास्त झाला. २००३ मध्ये तेही प्रकरण तडजोडीने मिटले.

दुकानदार बंधूंनी गिऱ्हाइकाला आधी गाडीची पुस्तिका विचारावी. पोर्शेची ए४०, मर्सिडीजची २२९.५ अशी मान्यता डब्याच्या पाठीवर छापलेली असते. "मान्यताप्राप्त" आणि "या दर्जाला योग्य" या दोन शब्दांतही फरक आहे. पहिल्यात कारखान्याने तपासले आहे, दुसरे विकणाऱ्याचे म्हणणे आहे. मोटारसायकलवाल्याला तर ही बाटली देऊच नये. तिथे बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि घर्षण घटले की तो घसरतो. म्हणूनच जपानी मानकात क्लचसाठी ‘जासो एमए’ हा वेगळा दर्जा आहे.

आणि बाटलीचे पैसे हातात असतीलच तर ते ऑईल लवकर बदलण्यात घालावेत. थेट फवारणीच्या टर्बोत थोडे पेट्रोल रिंगांमधून खाली उतरून ऑईल पातळ करत राहते, छोट्या फेऱ्यांत तर जास्तच. डिपस्टिकवर ऑईल कमी न होता वाढलेले दिसले आणि पेट्रोलचा वास आला, तर ठरलेल्या किलोमीटरची वाट पाहू नये.