ब्राउझरच्या धर्मशाळेतील पेटी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने फोनमधील साठवणीवर लेख लिहावा, याचे वर्गमित्रांना नवल वाटेल. पण गेल्या हंगामात माझे जे नुकसान झाले, त्याचे कारण शोधता शोधता हा विषय मला शिकावा लागला. पुढील वर्षी क्षेत्रभेटीला जाणाऱ्यांच्या तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे जाताना पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही काठांना ऊस. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळा लागला की परततात. समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी अशा ३७ कोप्यांवर जाऊन मुलाखती घेतल्या. उचल किती घेतली, मुले शाळेत जातात का, दुखण्याखुपण्यात काय करता, असे प्रश्न होते. फडात रेंज मिळेना, म्हणून इंटरनेटशिवाय भरता येणारा एक फॉर्म वापरला. ते अ‍ॅप नव्हते. ब्राउझरमध्ये उघडणारे वेबपान होते. माहिती फोनमध्येच राहायची आणि रेंजमध्ये आल्यावर ‘पाठवा’ दाबायचे. मी आळशीपणाने ते काम परीक्षेनंतरवर ढकलले. तीन आठवड्यांनी पान उघडले, तर ते कोरे! मधल्या काळात घरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी फोन गच्च भरला होता. कोणी काही पुसले मात्र नव्हते.

मग मुलाखती गेल्या कोठे?

वेबपान इंटरनेटशिवाय चालते, ते असे. पहिल्या भेटीत ब्राउझर त्या पानाचे सामान फोनमध्ये उतरवून ठेवतो. सर्व्हिस वर्कर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये उभा राहतो आणि रेंज नसली की साठ्यातील प्रत काढून देतो. भरलेली माहिती इंडेक्स्ड डीबी नावाच्या कप्प्यात जाते. लोकल स्टोरेज हा जुना कप्पा जेमतेम ५ एमबीचा; नवे कप्पे प्रशस्त आहेत. क्रोममध्ये एका संकेतस्थळाला डिस्कच्या ६० टक्क्यांपर्यंत जागा वापरता येते. हा आकडा वाचून मी प्रथम चक्रावलोच. एवढी जागा असताना माझे चार केबींचे सामान का फेकले?

उत्तर असे, की ही जागा वापरायला मिळते, मालकीची होत नाही. ब्राउझर ही धर्मशाळा आणि प्रत्येक संकेतस्थळ हा तिच्यातील उतारू. गर्दी नसेल तोवर पेटी खुशाल ठेवा. जागा संपली, की ज्या उतारूने सर्वांत जास्त दिवस तोंड दाखवलेले नाही त्याची पेटी आधी बाहेर जाते. पेटीतील जुने कपडे तेवढे काढून बाकी ठेवावे असाही प्रकार नाही. त्या संकेतस्थळाचे सगळे एकदम जाते. मी तीन आठवडे फिरकलो नव्हतो आणि फोन भरलेला होता. माझ्या बाबतीत हेच घडले असावे.

सफारीचा नियम आणखी कडक आहे. मार्च २०२० मध्ये अ‍ॅपलने जाहीर केले, की सफारी वापरात असूनही ७ दिवस एखाद्या संकेतस्थळाला हात लावला नाही, तर त्याने स्क्रिप्टद्वारे ठेवलेला साठा पुसला जाईल. लोकांच्या मागे लागणाऱ्या जाहिरातदारांना आवरण्यासाठी हा नियम केला. होमस्क्रीनवर बसवलेल्या पानांना त्यातून वगळले. ‘माझा साठा कायम ठेवा’ अशी विनंती संकेतस्थळाला ब्राउझरकडे करता येते. फायरफॉक्स त्याबाबत आपल्याला विचारतो. क्रोम आपल्या वापरावरून परस्पर ठरवतो. मी वापरलेल्या फॉर्मने ती विनंती केली होती की नाही, कोण जाणे.

अ‍ॅपची गोष्ट निराळी. ते बसवले की त्याला स्वतःची कुलपाची खोली मिळते. त्या खोलीचेही दोन भाग असतात. एक कॅशचा, म्हणजे ओसरी. जागा कमी पडली तर अँड्रॉइड तेथील सामान हलवू शकतो. दुसरा आतली खोली. तेथील फायली यंत्रणा आपणहून काढत नाही. सेटिंग्जमध्ये ‘कॅश साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ अशी दोन बटणे का असतात, हे मला तेव्हा कळले. पहिले ओसरी झाडते, दुसरे घर रिकामे करते. अ‍ॅप काढून टाकले तरी घर जातेच. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतात उभे राहून छायाचित्रासह करावी लागते. अशा बांधावरच्या कामाला कुलपाची खोली बरी, असे माझे मत आहे.

तरी वेबपानाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. बसवण्याची कटकट नाही, नुसता दुवा पाठवला की कोणाच्याही फोनवर उघडते. आमच्या गटातील दोघांच्या फोनमध्ये नवे अ‍ॅप बसवायला जागाच नव्हती, म्हणून तर आम्ही ते निवडले. वाचण्याच्या मजकुराला ते उत्तम, कारण पुसले तरी पुन्हा उतरवून घेता येते. ज्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, अशी माहिती मी तेथे ठेवली, ही माझी चूक. पाठवण्याचे बटण त्याच संध्याकाळी न्हावऱ्यात दाबले असते, तर हा लेख लिहावाच लागला नसता.

सरांनी प्रकल्पाला मुदत वाढवून दिली, पण टोळ्या तोवर गावी गेल्या होत्या. यंदा हंगाम सुरू होताच पुन्हा गेलो. ३७ पैकी ९ कुटुंबे भेटली. बाकीची कोणी दुसऱ्या कारखान्याकडे गेली, कोणी आलीच नव्हती. एका मावशींनी मला लगेच ओळखले. मोळी बांधता बांधता म्हणाल्या, “मागल्या साली सगळं सांगितलं की रं तुला. तेच पुन्हा सांगू व्हय?”

मी हो म्हणालो आणि पिशवीतून वही काढली.