शेवटची रात्र बेटावर नको

कमी खर्चात निवांत राहायचं असेल, तर ग्रीसमध्ये नाक्सोससारखं बेट निवडा, असं मी आजही सांगते. सॅन्तोरिनीच्या मानाने खोल्या स्वस्त. पश्चिम किनाऱ्याला आयिओस प्रोकोपिओसपासून आया आना आणि पुढे प्लाकापर्यंत नुसती वाळूच वाळू. शेतीचं बेट असल्यामुळे बटाटे, टोमॅटो, ग्राविएरा चीज सगळं तिथलंच. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिथे गेलो ते काहीही न करण्यासाठी, आणि बरेच दिवस खरोखरच काही केलं नाही. पण परतीच्या वेळी जे पाहिलं, ते जाणाऱ्या प्रत्येकाला आधी कळायला हवं.

एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानावर उन्हाच्या तापाने कमी, आणि ही सगळी बेटं त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि एकदा सुटला की तो कित्येकदा दिवसचे दिवस थांबत नाही. आपल्याकडे समुद्र खवळणार म्हटलं की आभाळ भरून येतं. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद राहतात याचं कोणाला नवल वाटत नाही. मेल्तेमीत मात्र आभाळ निळंभोर आणि ऊन लख्ख असतं. खोलीच्या गच्चीत बसलेल्या माणसाला बोटी बंद पडतील अशी शंकाही येत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पोर्तारा बघायला गेलो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या देवळाची ही संगमरवरी चौकट बंदराशेजारच्या एका खडकाळ टेकाडावर उभी आहे. तिथे जायला एक अरुंद बांध आहे. त्या संध्याकाळी लाटा बांधावरून सरळ पलीकडे पडत होत्या. माणसं चपला हातात घेऊन उभी राहायची, लाट ओसरली की पळत सुटायची. ह्यांचा चष्मा खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी पांढुरका झाला होता. परत येताना तिकिटांच्या एका दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद दिसला: उद्या बोटी नाहीत. बंदरावर जो तो ‘अपागोरेफ्तिको’ म्हणत होता. म्हणजे तटरक्षक दलाची मनाई. वारा साधारण 8-9 बोफोर्टवर गेला की ती लागते. हायस्पीड बोटी आधी अडकतात, मोठ्या नंतर.

आमच्याच लॉजमध्ये एक तरुण जोडपं होतं. त्यांची सकाळची बोट आणि त्याच रात्री अथेन्सहून विमान. हिशेब कागदावर अगदी बरोबर होता. ती मुलगी रात्री उशिरापर्यंत जिन्यात बसून फोन करत होती. बोट आणि विमान यांची तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे विमान कंपनीच्या लेखी ते दोघं फक्त वेळेवर न आलेले प्रवासी होते. नवी तिकिटं ऐनवेळच्या भावाने घ्यावी लागली आणि अख्ख्या सुट्टीत काटकसर करून वाचवलेलं सगळं त्यात गेलं. आमचं निभावलं ते ह्यांनी अथेन्समध्ये एक रात्र हट्टाने मोकळी ठेवली होती म्हणून. मनाई उठल्यावर पहाटेच्या बोटीने निघालो. अ‍ॅक्रोपोलिस राहिलं, पण विमान मिळालं.

म्हणून बेट आधी घ्या आणि अथेन्स शेवटी. बेटावरून निघणं आणि घरचं विमान यांच्यात किमान एक पूर्ण रात्र हवी, ऑगस्टमध्ये दोन असल्या तर उत्तम. ती रात्र वाया जात नाही, अथेन्समध्ये बघण्यासारखं पुष्कळ आहे. ती व्हिसाच्या अर्जातल्या कार्यक्रमातच धरा, कारण शेंगेन व्हिसावर मुक्कामाचे दिवस अनेकदा अगदी मोजून मिळतात.

बोट रद्द झाली तर काय मिळतं, तेही माहीत असावं. युरोपीय नियमांनुसार तिकिटाचे पैसे परत किंवा पुढची बोट, यांतलं एक निवडता येतं. पण कारण हवामानाचं असेल तर हॉटेलचा खर्च कंपनीवर बंधनकारक नाही. व्हिसासाठी जो विमा काढावाच लागतो, त्याची 30,000 युरोंची अट वैद्यकीय खर्चापुरती आहे. चुकलेल्या विमानाचं संरक्षण त्यात आपोआप येत नाही. पॉलिसीत ते आहे का, किती तासांच्या उशिरानंतर लागू होतं आणि हवामान त्यात धरलंय का, हे तीन प्रश्न एजंटला विचारून उत्तर लेखी घ्या.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नाक्सोसला मोठी बोट पाच-साडेपाच तास घेते, हायस्पीड बोट त्याहून बरीच लवकर पोचते. तरी मोठीच घ्या. तिचं डेकचं तिकीट स्वस्त असतं, ती कमी हलते आणि उघड्या डेकवरून एकामागून एक बेटं जाताना बघायला मिळतात. पिरेअसला पोचणंही आता सोपं झालंय. 2022 पासून विमानतळावरून थेट मेट्रो जाते, टॅक्सीची गरज नाही.

तारखा हातात असतील तर सप्टेंबर धरा. वारा मंदावतो, पाणी अजून कोमट असतं आणि भाडी उतरतात. मेमध्येही शांतता असते, पण समुद्र गार लागतो. 15 ऑगस्टच्या आसपासचा आठवडा टाळाच. तो मेरीमातेचा मोठा सण, सगळा ग्रीस तेव्हा बेटांवर जातो आणि बोटीत जागा मिळत नाही.

बाकीच्या खर्चाचं थोडक्यात सांगते. मुक्कामावर दर खोली दर रात्री सरकारी शुल्क असतं, ते बहुधा तिथेच भरावं लागतं. 2025 पासून मोसमात एक-दोन ताऱ्यांच्या हॉटेलात 2 युरो, तर अल्पमुदतीच्या भाड्याच्या फ्लॅटला 8. ऑनलाइन स्वस्त दिसणारा फ्लॅट इथे महाग पडू शकतो. किनारा सार्वजनिक आहे, खुर्ची-छत्रीचं भाडं भरायची सक्ती नाही. शेजारच्या पारोसवर तर 2023 मध्ये लोक याच हक्कासाठी टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले होते. टॉवेल अंथरा आणि खुशाल पडा, मात्र वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि पाठ भाजून निघते, हे लक्षात ठेवा. चारचाकी बाईक भाड्याने घ्यायचा मोह होतो. आंतरराष्ट्रीय परवाना आणि विम्यात तिचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तिला हात लावू नका. किनाऱ्यांना आणि डोंगरातल्या गावांना बस जाते.

शाकाहारी माणसाने खाण्याची चिंता करू नये. मेन्यूत ‘लादेरा’ म्हणून ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या असतात. घेवडा, भेंडी, मोठे पांढरे वाल, पिवळ्या डाळीचं फावा. भरल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्या.

आणि बोटीचं तिकीट काढताना ग्रीसमध्ये चालू राहील तोच मोबाईल नंबर द्या. बोट रद्द झाल्याचा किंवा वेळ बदलल्याचा मेसेज त्यावरच येतो. पुढच्या बोटीतल्या जागा ज्याला तो आधी मिळतो, त्याच्याच हाती लागतात.